एकमेवाद्वितीय? : ‘सिंगल्टन’विषयी काही आक्षेप

साहित्याच्या अभ्यासकांसमोर संगणकाच्या आज्ञावलीतील एका रचनातंत्राची चर्चा करणे काहीसे आगंतुक वाटण्याची शक्यता आहे. तथापि आज्ञावली ही लिहिली जाणारी आणि वाचली जाणारी गोष्ट आहे, हे विसरून चालत नाही. ती यंत्राला चालवते हे खरे; पण ती दुरुस्त करणारा, वाढवणारा आणि पुढच्याच्या हाती सोपवणारा माणूसच असतो. डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ साली ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ची कल्पना मांडली तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता, की आज्ञावली हा माणसाने माणसासाठी केलेला खुलासा आहे असे समजून ती लिहावी. हा आग्रह मान्य केला, तर संहितेला आपण जे प्रश्न विचारतो त्यांतले काही प्रश्न आज्ञावलीलाही विचारता येतात. लिहिणारा वाचणाऱ्यापासून काय लपवतो? कोणती गोष्ट तो निसर्गसिद्ध म्हणून गृहीत धरतो? वर्गीकरण करताना तो व्यक्तीला कोणती जात चिकटवतो?

‘सिंगल्टन’ नावाच्या रचनेला हे तिन्ही प्रश्न विचारण्यासारखे आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे: एखादी वस्तू एका ठिकाणी एकच असणे ही परिस्थिती आहे. सिंगल्टन त्या परिस्थितीला वस्तूचा स्वभाव ठरवतो, आणि असे करताना आज्ञावलीच्या वाचकाशी असलेला प्रामाणिकपणाचा करार मोडतो.

१. मूळ व्याख्या

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत क्लास आणि ऑब्जेक्ट असा भेद असतो. क्लास म्हणजे जात, ऑब्जेक्ट म्हणजे व्यक्ती. ‘खाते’ हा क्लास एकदा लिहायचा आणि त्यापासून हजारो खातेदारांची हजारो खाती घडवायची. १९६० च्या दशकात ऑस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी ‘सिम्युला’ ही भाषा घडवली तेव्हापासून हा भेद या पद्धतीच्या मुळाशी आहे. व्यक्ती घडवणाऱ्या कृतीला कन्स्ट्रक्टर म्हणतात.

१९९४ च्या अखेरीस एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडेस यांचे ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रोग्रामर मंडळी या चौघांना गमतीने ‘गँग ऑफ फोर’ म्हणतात. आपण त्यांना चौकडी म्हणू. पुस्तकात एकूण २३ रचना आहेत. प्रत्येकीला नाव, हेतू, प्रेरणा, उपयोग, परिणाम अशी ठरावीक अंगे दिली आहेत. ही घाटणी वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांच्या १९७७ मधील ‘अ पॅटर्न लँग्वेज’ या ग्रंथापासून स्फुरली होती. त्या ग्रंथात शहरापासून खिडकीजवळच्या बैठकीपर्यंत २५३ आकृतिबंध आहेत. अलेक्झांडर यांच्या लेखी आकृतिबंध म्हणजे वारंवार उद्भवणाऱ्या अडचणीच्या उत्तराचा गाभा. तो असंख्य वेळा वापरावा, पण प्रत्येक वेळी जागेच्या आणि माणसांच्या गरजेप्रमाणे त्याचे रूप वेगळे व्हावे.

चौकडीच्या २३ रचनांपैकी सिंगल्टन ही सर्वांत सोपी. तिच्या व्याख्येत दोन गोष्टी आहेत. पहिली, क्लासपासून एकच ऑब्जेक्ट घडेल याची हमी. दुसरी, त्या ऑब्जेक्टपर्यंत कोठूनही पोहोचण्याचा एक सार्वत्रिक मार्ग. या दोन गोष्टी एकाच वाक्यात शेजारी बसल्यामुळे त्या जन्मतःच जोडलेल्या आहेत असा समज होतो. वास्तविक त्यांचा परस्परांशी काहीही अपरिहार्य संबंध नाही. गावात विहीर एकच असणे वेगळे, आणि प्रत्येक घरातून तिच्यापर्यंत चोरवाट असणे वेगळे. माझा पुढचा बहुतेक युक्तिवाद या एका जोडणीभोवती फिरणार आहे.

२. ‘एकच’ घडवण्याची यातायात

प्रत्यक्षात सिंगल्टन असा लिहितात. कन्स्ट्रक्टर खाजगी करायचा, म्हणजे बाहेरच्या कोणालाही नवा ऑब्जेक्ट घडवता येणार नाही. क्लासच्या पोटातच एक जागा राखून ठेवायची. आणि ‘मला तो एकमेव ऑब्जेक्ट दे’ असे म्हणण्यासाठी एक दार उघडे ठेवायचे. दारावर कोणी आले की जागा रिकामी आहे का ते पाहायचे. रिकामी असेल तर ऑब्जेक्ट घडवून तेथे ठेवायचा. नसेल तर आधीचाच हाती द्यायचा. दहा ओळींचे काम.

पण एकाच आज्ञावलीत अनेक थ्रेड एकाच वेळी चालत असतील, तर या दहा ओळी कोसळतात. दोन थ्रेड एकाच क्षणी दारावर येतात, दोघांनाही जागा रिकामी दिसते, दोघेही ऑब्जेक्ट घडवतात. एकमेव म्हणून ज्याची द्वाही फिरवली, ते दोन होतात. उपाय म्हणून दाराला कुलूप लावायचे: एका वेळी एकानेच आत जायचे. हे बरोबर चालते, मात्र ऑब्जेक्ट एकदा घडल्यानंतरही प्रत्येक येणाऱ्याला विनाकारण कुलपापाशी थांबावे लागते.

म्हणून १९९० च्या दशकात एक हुशार युक्ती प्रचारात आली. आधी कुलपाशिवाय पाहायचे. जागा रिकामी दिसली तरच कुलूप घ्यायचे आणि आत जाऊन पुन्हा एकदा पाहायचे. हिला ‘डबल-चेक्ड लॉकिंग’ म्हणतात. डग्लस श्मिट आणि टिम हॅरिसन यांनी तिला स्वतंत्र पॅटर्नचा दर्जा दिला. युक्ती इतकी तर्कशुद्ध दिसते की तीत खोट असेल असे वाटतच नाही. पण जावामध्ये ती खोटी ठरली. संगणक आणि कंपायलर यांना वेगासाठी कृतींचा क्रम बदलण्याची मुभा असते. त्यामुळे ऑब्जेक्टचा पत्ता जागेवर आधी लिहिला जाऊ शकतो आणि त्याची आतली मांडणी नंतर पूर्ण होऊ शकते. मधल्या क्षणी आलेल्या दुसऱ्या थ्रेडला जागा भरलेली दिसते आणि तो अर्धवट घडलेला ऑब्जेक्ट घेऊन कामाला लागतो. बिल प्यू, जोशुआ ब्लॉक आदी जाणकारांना ही युक्ती मोडकी आहे असे सही करून जाहीर करावे लागले. २००४ मध्ये आलेल्या जावा ५ मध्ये भाषेचा स्मृतिविषयक करारच नव्याने लिहिला गेला, तेव्हा ‘व्होलाटाइल’ या शब्दाच्या आधारे ती युक्ती ग्राह्य झाली. त्याच वर्षी स्कॉट मायर्स आणि आंद्रेई अलेक्झांड्रेस्कू यांनी सी++ मध्येही हाच धोका आहे हे सविस्तर दाखवले. सी++ मध्ये फंक्शनच्या पोटातील स्थिर ऑब्जेक्ट एकदाच आणि सुरक्षितपणे घडेल याची हमी भाषेने २०११ च्या प्रमाणात दिली.

आज या प्रश्नाची उत्तरे सोपी झाली आहेत. जावामध्ये आतल्या एका छोट्या क्लासच्या आधारे काम भागते, कारण क्लास प्रथम वापरला जाईल तेव्हाच आणि एकदाच सिद्ध होईल ही हमी भाषाच देते. ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’च्या २००८ मधील दुसऱ्या आवृत्तीत एकाच सदस्याचा ‘एनम’ वापरण्याची शिफारस केली. ही शिफारस करण्याचे कारण उद्बोधक आहे. साधा सिंगल्टन फाइलमध्ये साठवून परत वाचला, तर त्याची दुसरी प्रत तयार होते. रिफ्लेक्शन नावाच्या सोयीने खाजगी कन्स्ट्रक्टरचे दारही बाहेरून उघडता येते. एनम या दोन्ही वाटा बुजवतो.

येथे क्षणभर थांबून विचारावेसे वाटते. ‘ही वस्तू एकच आहे’ हे इतके साधे विधान खरे ठेवण्यासाठी कुलपे लावावी लागतात, स्मृतीचे करार बदलावे लागतात, मागच्या खिडक्या बुजवाव्या लागतात. मग ते विधान वस्तूच्या स्वभावातून आलेले आहे असे म्हणता येईल का? स्वभावाला एवढे पहारेकरी लागत नाहीत.

३. कोठे एक?

पहारा कितीही कडक ठेवला तरी एक प्रश्न उरतोच. एकच, म्हणजे कोठे एकच? जावामध्ये क्लास ज्या क्लासलोडरने आणला त्याच्या पुरताच तो एक असतो. दोन क्लासलोडरांनी तोच क्लास आणला, तर दोन ‘एकमेव’ ऑब्जेक्ट सुखेनैव नांदतात. तीच आज्ञावली दोन प्रक्रियांत चालवली तर प्रत्येकीचा आपापला सिंगल्टन असतो. काम वाढले म्हणून दहा यंत्रांवर पसरले, तर दहा. कन्स्ट्रक्टर खाजगी करून मिळालेले एकत्व हे कुंपणाच्या आतले एकत्व आहे, आणि कुंपण कोठे घालायचे हे क्लास लिहिणाऱ्याच्या हातात नसते. ते ठरवतो आज्ञावली चालवणारा.

आपल्या परंपरेतील नैयायिकांनी हा प्रश्न वेगळ्या संदर्भात फार पूर्वी हाताळला आहे. न्याय-वैशेषिक मतानुसार जाती ही नित्य असते, एक असते आणि अनेक व्यक्तींमध्ये समवायाने राहते. यातील ‘अनेक’ हा शब्द महत्त्वाचा. दहाव्या-अकराव्या शतकातील उदयनाचार्यांनी ‘किरणावली’त सहा जातिबाधके सांगितली आहेत, म्हणजे एखाद्या धर्माला जाती मानण्याच्या आड येणारी सहा कारणे. त्यांतील पहिलेच कारण व्यक्तीचा अभेद हे आहे. जेथे व्यक्ती एकच आहे तेथे जाती मानता येत नाही. याचे नेहमीचे उदाहरण आकाशाचे. आकाश एकच आहे. म्हणून आकाशत्व ही जाती नव्हे. तिला फार तर उपाधी म्हणावे.

हा निकष ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीला लावून पाहिला तर सिंगल्टनमधील विसंगती स्वच्छ दिसते. क्लास ही अनेकांना घडवण्याची सोय आहे. ती सोय मुद्दाम उभी करायची आणि मग ती एकापलीकडे चालू नये म्हणून दाराला खिळे ठोकायचे, हे जाती मानून तिची व्याप्ती नाकारण्यासारखे आहे. नैयायिक येथे दोन सरळ पर्याय देईल. व्यक्ती खरोखरच भेदरहित असेल, तर जातीचा आग्रह सोडा. व्यक्ती अनेक असू शकतील आणि आज योगायोगाने एकच असेल, तर जाती जातीसारखी राहू द्या आणि एकत्वाची नोंद इतरत्र करा. सिंगल्टन या दोहोंपैकी काहीच करत नाही.

दोन संकल्पना वेगवेगळ्या हेतूंनी घडलेल्या आहेत आणि त्यांची तुलना ताणून चालणार नाही, याची मला जाणीव आहे. उदयनाचार्य सत्तेची मीमांसा करत होते. प्रोग्रामर सोयीची व्यवस्था लावत असतो. परंतु ‘एक असणे’ आणि ‘जातीचे असणे’ यांतील ताण दोन्हीकडे सारखाच आहे, आणि तो ओळखण्याची शिस्त एका परंपरेने जोपासली असताना दुसरीने तिच्याकडे पाहू नये असे काही नाही.

४. पुस्तकातील उदाहरणांचे वाचन

आता चौकडीच्या संहितेकडे वळू. सिंगल्टनच्या समर्थनार्थ त्यांनी दिलेली उदाहरणे अशी: प्रिंटर अनेक असले तरी छपाईची रांग सांभाळणारा स्पूलर एकच असावा, फाइल सिस्टिम एकच असावी, विंडो मॅनेजर एकच असावा, डिजिटल फिल्टरला एकच अ‍ॅनालॉग-टु-डिजिटल कन्व्हर्टर असतो, हिशेबाची प्रणाली एकाच कंपनीच्या सेवेसाठी असते.

ही यादी आज वाचताना काळाची थट्टा जाणवल्यावाचून राहत नाही. एका संगणकावर अनेक फाइल सिस्टिम जोडलेल्या असणे ही आज रोजची बाब आहे, आणि युनिक्ससारख्या प्रणालीत ती तेव्हाही होती. शेवटचे उदाहरण तर सर्वांत बोलके. इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या हिशेबाच्या प्रणालीची एकच चालती प्रत आज असंख्य कंपन्यांचे हिशेब एकाच वेळी सांभाळते. ‘कंपनी’ हा सिंगल्टन मानून लिहिलेली प्रणाली त्या दिशेने न्यायची म्हटली, तर तिच्यातील प्रत्येक फंक्शन उकलावे लागते. कारण ‘कोणती कंपनी?’ हा प्रश्न कोणी कोणाला कधी विचारलेलाच नसतो.

चौकडी अजाण होती असे मला सुचवायचे नाही. उलट परिणामांची चर्चा करताना त्यांनी स्वतःच एक फायदा असा नोंदवला आहे, की पुढे मत बदलले आणि एकाहून अधिक ऑब्जेक्ट हवे झाले तर ही रचना तशी मुभा देते. जिचा हेतूच एकत्वाची हमी हा आहे, तिच्या गुणांच्या यादीत एकत्व सोडून देण्याची सोय यावी, हे लक्षणीय आहे. लेखकांना आतून ठाऊक होते की ‘एकच’ हा निर्णय आहे आणि निर्णय बदलतात. मात्र रचनेच्या नावाने आणि व्याख्येने तो निर्णय सिद्धान्ताच्या थाटात मांडला, आणि वाचकांनी नाव व व्याख्या तेवढी लक्षात ठेवली. संहितेचे तळटीपेतले शहाणपण आणि तिचे लोकप्रिय रूप यांतील असे अंतर साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही.

५. पात्रयादीत नसलेले पात्र

आता दुसरा, अधिक गंभीर आक्षेप. तो सार्वत्रिक मार्गाविषयी आहे.

छापील नाटकाच्या आरंभी पात्रांची यादी असते. ती वाचून नाटक कळत नाही, पण त्यात कोण कोण येणार हे कळते. फंक्शनची पहिली ओळ ही अशीच पात्रयादी आहे. त्या ओळीत फंक्शनचे नाव असते आणि त्याला काम करण्यासाठी कोणकोणत्या वस्तू हव्यात याची नोंद असते. वाचक त्या नोंदीवर विश्वास ठेवतो. सिंगल्टन या यादीत नाव न घालता तिसऱ्या अंकात रंगमंचावर येतो, कथानक फिरवतो आणि निघून जातो. फंक्शनची पहिली ओळ वाचून त्याचा पत्ता लागत नाही. आतली प्रत्येक ओळ, आणि तेथून हाक मारलेल्या प्रत्येक फंक्शनची प्रत्येक ओळ वाचावी लागते.

मिश्को हेवेरी यांनी २००८ साली या विषयावर एक लेख लिहिला. सिंगल्टन हे अट्टल खोटारडे असतात, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. त्यातील उदाहरण असे. क्रेडिट कार्डाचा एक ऑब्जेक्ट घडवायचा आणि त्यावर शंभर डॉलर लावायचे, अशी दोन ओळींची चाचणी. चाचणी चालवल्यावर कार्डावर खरोखरच शंभर डॉलर लागतात. कार्डाच्या क्लासने कोणाशीही संबंध असल्याचे सांगितले नव्हते. आतून मात्र तो एका सिंगल्टनमार्फत पैसे वळते करणाऱ्या खऱ्या यंत्रणेशी बोलत होता. तीच चाचणी एकटी चालवली तर मोडते, कारण ती यंत्रणा आधी सिद्ध करावी लागते. तिच्याआधी रांग, आणि रांगेच्याही आधी डेटाबेस. हा क्रम कोठेही लिहिलेला नसतो. जुन्या जाणत्याला विचारून तो समजून घ्यावा लागतो. कार्ड घडवतानाच पैसे वळते करणारी यंत्रणा त्याच्या हाती द्यावी लागली असती, तर हे सारे पहिल्याच ओळीत दिसले असते, आणि चाचणीच्या वेळी खोटी यंत्रणा देऊन काम भागले असते.

ग्लोबल व्हेरिएबल वाईट, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवले जाते. त्याच विद्यार्थ्याला नंतर सिंगल्टन शिकवला जातो. कोठूनही वाचता येणारी, कोठूनही बदलता येणारी आणि कोणी बदलली हे न सांगणारी वस्तू, हे वर्णन दोघांनाही सारखेच लागू पडते. फरक इतकाच की दुसऱ्याला प्रतिष्ठित नाव आहे.

६. एकच भाषा?

हा दोष भाषेच्या प्रांतात शिरला की काय होते ते पाहण्यासारखे आहे, आणि मराठी वाचकाला त्याची झळ थेट पोहोचते.

सी भाषेत ‘सेटलोकेल’ नावाचे एक फंक्शन आहे. आज्ञावलीने कोणत्या प्रदेशाच्या रीतीने आकडे, तारखा आणि अक्षरक्रम हाताळायचे ते त्याने ठरते. हे फंक्शन सिंगल्टन या नावाच्या कितीतरी आधीचे आहे, पण वृत्ती तीच: एका चालत्या प्रक्रियेला एकच प्रदेश, आणि तो कोणीही कोठूनही बदलू शकतो. टेबलावर एकच माणूस बसलेला असताना हे गृहीत धरणे क्षम्य होते. परंतु सर्व्हरवर एकाच वेळी एक वाचक मराठीत आणि दुसरा इंग्रजीत पान मागत असेल तर? एकाच्या मागणीवरून प्रदेश बदलला की त्याच प्रक्रियेतील दुसऱ्या थ्रेडचाही बदलतो. एकाला दशलक्ष हा आकडा १०,००,००० असा दिसायला हवा, दुसऱ्याला १,०००,००० असा. प्रत्यक्षात कोणाच्या पदरी काय पडेल हे त्या क्षणावर अवलंबून. पीएचपी या भाषेच्या अधिकृत माहितीत याविषयी स्पष्ट इशारा दिलेला आहे. पॉझिक्स प्रमाणाने २००८ मध्ये प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र प्रदेश देण्याची सोय केली. जावामध्येही संपूर्ण यंत्रणेपुरता एक ‘डिफॉल्ट’ प्रदेश असतोच. सुदैवाने तेथे आकड्याची मांडणी करताना प्रदेश हाती देण्याचा मार्ग खुला आहे, आणि तोच घ्यावा.

यातून होणारी हानी केवळ दिसण्यापुरती नसते. जर्मन रीतीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. आज्ञावलीच्या कोपऱ्यातील एखाद्या घटकाने परस्पर प्रदेश जर्मन केला, की दुसऱ्या कोपऱ्यात फाइलमधून ‘१.५’ वाचणारे फंक्शन टिंबापाशी थांबते आणि उत्तर ‘१’ देते. दीडाचा एक होतो, आणि कोणीही तक्रार करत नाही.

भाषा ही व्यक्तीची असते, व्यवहाराची असते, कधी तर एकाच वाक्यात दोन असतात. तिला आज्ञावलीच्या पातळीवर एकमेव ठरवणे हा एका विशिष्ट समाजाच्या अनुभवाचा परिणाम आहे. मराठी माणूस सकाळी दुकानात हिंदी, दुपारी कचेरीत इंग्रजी आणि संध्याकाळी घरी मराठी बोलतो. त्याला हे गृहीतक कधीच स्वाभाविक वाटले नसते. मात्र आपणही निर्दोष नाही. संपूर्ण देशाला एकच प्रमाणवेळ असल्यामुळे ‘वेळ एकच’ हे गृहीतक भारतीय प्रोग्रामरच्या हातून सहज लिहिले जाऊ शकते. ज्याच्या परिसरात जी गोष्ट एकच, ती त्याला स्वभावतः एक वाटते. सिंगल्टन हे अशा परिसराचे शिलालेख असतात.

७. समर्थनाचा विचार

सिंगल्टनच्या बाजूने जे म्हटले जाते त्याची दखल घेतली पाहिजे.

पहिले समर्थन असे, की काही गोष्टी खरोखरच एक असतात. हे मान्य. पायथनमधील ‘नन’, म्हणजे ‘काहीही नाही’ हा ऑब्जेक्ट पाहा. तो एकच आहे आणि एकच असणे योग्य आहे, कारण दोन ‘नन’ घडवले तरी त्यांत भेद करण्याजोगे काहीच नाही. त्याला बदलणारी अवस्था नाही, म्हणून कोठूनही त्याच्यापर्यंत पोहोचता आले तरी कोणाचे काही बिघडत नाही. हा अर्थातच नैयायिकांना अभिप्रेत असलेल्या अभेदाच्या जवळचा प्रकार आहे. ज्याच्या पोटात बदलते काही नाही, त्याच्या एकत्वाला माझा आक्षेप नाही.

दुसरे समर्थन नोंदवहीचे. आज्ञावलीत काय घडले याच्या नोंदी करणारा लॉगर सर्वत्र लागतो. तो प्रत्येक फंक्शनच्या हाती कोठवर द्यायचा? यातही तथ्य आहे. लॉगरकडे माहिती एकाच दिशेने वाहते. तो आज्ञावलीचे वर्तन बदलत नाही. म्हणून तेथे ही सोय बहुधा निभावून जाते. परंतु या एका उदाहरणाच्या बळावर डेटाबेस, वापरकर्ता, कंपनी आणि भाषा यांनाही तोच न्याय लावणे म्हणजे सौम्य अपवादाच्या आडून नियम मोडणे होय.

तिसरे समर्थन सोयीचे, आणि ते सर्वांत प्रामाणिक आहे. वस्तू हातोहात पोहोचवणे कंटाळवाणे असते. पण हा कंटाळाच उपयोगी आहे. एखाद्या फंक्शनला नऊ वस्तू हाती द्याव्या लागत असतील, तर ते फंक्शन नऊ ठिकाणी गुंतलेले आहे ही बातमी आहे. सिंगल्टन ती बातमी दडपतो. गुंता तसाच राहतो.

पर्याय अवघड नाही. क्लास साधा लिहावा. त्याचे किती ऑब्जेक्ट घडू शकतात याविषयी त्याने मौन पाळावे. आज्ञावली जेथे सुरू होते तेथे एकच ऑब्जेक्ट घडवावा आणि ज्यांना लागतो त्यांच्या हाती उघडपणे द्यावा. एकत्व अबाधित राहते, पण त्याची जबाबदारी घडवणाऱ्याकडे जाते. मार्टिन फाउलर यांनी २००४ साली या पद्धतीची ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ या नावाने चर्चा केली. त्याच वर्षी पहिली पूर्ण आवृत्ती आलेल्या ‘स्प्रिंग’ या जावामधील चौकटीत ऑब्जेक्ट मुळात एकच घडवला जातो आणि या रीतीला ‘सिंगल्टन’ असेच नाव आहे. मात्र तेथे एकत्व त्या चौकटीपुरते असते. क्लासला त्याची गंधवार्ताही नसते, आणि उद्या दोन हवे झाले तर क्लासची एक ओळही बदलावी लागत नाही. एकत्व हे जातीचे लक्षण नसून व्यवस्थेचा निर्णय आहे, हे येथे आचरणात आले.

८. शिकवण्याचा प्रश्न

खुद्द चौकडीलाही हा प्रश्न सुटला नव्हता. व्लिसिडेस यांनी १९९६ सालीच सिंगल्टनचा शेवट कसा करावा, त्याला कोणी आणि केव्हा नष्ट करावे, या अडचणीवर लेख लिहिला आणि त्याला हार्पर ली यांच्या कादंबरीच्या नावावर कोटी करणारे ‘टु किल अ सिंगल्टन’ हे शीर्षक दिले. २००५ मध्ये व्लिसिडेस निवर्तले. २००९ मध्ये पुस्तकाला पंधरा वर्षे झाल्याच्या निमित्ताने उरलेल्या तिघांची मुलाखत झाली, तेव्हा यादीतून काय वगळावे या चर्चेत गामा यांनी सिंगल्टन वगळावा असे मत दिले. त्याचा वापर हे बहुतेक वेळा रचनेतील दोषाचे चिन्ह असते, असा त्यांचा अभिप्राय होता.

तरीही सिंगल्टन टिकून आहे, आणि याचे कारण अध्यापनात आहे असे मला वाटते. तो दहा ओळींत लिहिता येतो, फळ्यावर मावतो, परीक्षेत विचारता येतो, मुलाखतीत पाच मिनिटांत तपासता येतो. तेवीस रचनांतील हीच एक अनेकांच्या लक्षात राहते. जे शिकवायला सोपे ते महत्त्वाचे, अशी अभ्यासक्रमाची एक मूक धारणा असते. साहित्याच्या वर्गातही व्याख्या, कालखंड आणि लक्षणांच्या याद्या याच बळावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. ज्यांच्यामुळे कृती उलगडते ते प्रश्न मात्र तासाच्या शेवटी घाईने उरकले जातात.

म्हणून सिंगल्टन अभ्यासक्रमातून काढून टाकावा असे मी म्हणणार नाही. तो शिकवावा, पण उत्तर म्हणून नव्हे, उतारा म्हणून. विद्यार्थ्यांपुढे त्या दहा ओळी ठेवाव्यात आणि विचारावे: येथे ‘एकच’ असे कोण म्हणते आहे? कोणत्या कुंपणाच्या आत? उद्या दुसरा आला तर काय मोडेल? आणि ही वस्तू वापरणाऱ्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत तिचे नाव का नाही? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याला देता आली, त्याने पुढे सिंगल्टन लिहिला तरी हरकत नाही. तो जाणूनबुजून लिहिलेला असेल, आणि बहुधा तो लिहिलाच जाणार नाही.